महेश सर, हे बघा

धम्मपाल गांगुर्डेने युद्धाचं शूटिंग सुरू केलं ते एका माणसाचा सूड घ्यायचा म्हणून. हे तो स्वतःच सांगतो, आणि सांगताना आवाज खाली करत नाही. मागच्या वर्षी पुण्याहून एक पत्रकार बाई त्याला भेटायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "युद्धभूमीवर असताना कलावंत म्हणून तुमच्या मनात काय चाललं होतं?"

"गंगापूर रोडवरचं एक ऑफिस होतं मॅडम," तो म्हणाला. "ते बंद पाडायचं होतं."

बाईंना वाटलं हा गंमत करतोय. त्या हसल्या. तो हसला नाही.

आमच्या देवळाली कॅम्पात धम्मपालला सगळे ओळखतात, कारण निम्म्या कॅम्पाची लग्नं त्याने शूट केली आहेत. वडील लष्कराच्या मेसमध्ये आचारी होते. रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला की घरातली भांडी वाजायची, आणि आई लताबाई चुलीपाशी बसून म्हणायच्या, "आज लांबच्या दिसताहेत." असल्या घरातल्या पोराने फौजेत जावं असं वडिलांना वाटायचं. धम्मपालला मात्र कॅमेऱ्याचा नाद. बाजारात त्याने छोटा स्टुडिओ टाकला. बायको चैताली एडिटिंग करायची, हा शूट करायचा. पुढे ड्रोन घेतलं, तेव्हापासून गंगापूर धरणाकडच्या मोठ्या लॉन्सवरची लग्नंही मिळू लागली.

त्याच्या टीममध्ये नवनाथ सांगळे होता. सिन्नर तालुक्यातला, चोवीस-पंचवीसचा, उंचापुरा. फौजेची भरती त्याने दरवर्षी दिली आणि दरवर्षी कशात ना कशात बाद झाला. शेवटी वय निघून गेलं. मग तो लग्नात लाइट धरायचा, एलईडी वॉलचा टेम्पो चालवायचा, आणि ड्रोन वर गेलं की खाली उभा राहून मान वर करून हाताने इशारे द्यायचा: डावीकडे तार आहे, पुढे झाड आहे. घरी आई भिमाबाई आणि थोडी जिरायत जमीन. वडील नव्हते.

महेश सर त्यांना भेटले ते एका लग्नातच. परदेशात नोकऱ्या लावून देणारा माणूस. गंगापूर रोडला काचेचं दार असलेलं ऑफिस, टेबलावर फिरणारा पृथ्वीचा गोल, बोलणं मधासारखं. त्याने ड्रोन उडताना पाहिलं आणि जेवणाच्या पंगतीत धम्मपालला गाठलं.

"रशियात तेल कंपनीच्या पाइपलाइनवर ड्रोन उडवणारी माणसं पाहिजेत," तो म्हणाला. "युद्ध कुठंतरी हजार किलोमीटर लांब चाललंय. तुमचा त्याच्याशी काय संबंध? हेल्परलाही घेतात."

हेल्पर म्हटल्यावर नवनाथने मान वर केली.

चैताली नको म्हणाली. पण पौषात लग्नं बंद राहणार होती आणि महेश सरांच्या ऑफिसात भिंतभर फोटो होते, बर्फात उभ्या हसऱ्या पोरांचे. त्यातली किती पोरं तेव्हा जिवंत होती हे आज कोर्टात निघतंय. २०२४च्या जानेवारीत दोघं गेले.

विमानतळावर महेश सरांचा माणूस घ्यायला आला. त्याने कंपनीची नोंदणी करायची म्हणून पासपोर्ट मागून घेतले आणि रशियन भाषेतल्या कागदांवर सह्या घेतल्या. तो माणूस परत दिसला नाही. दोन दिवस बसमधून नेल्यावर त्यांना उतरवलं ते एका छावणीत. गणवेश मिळाला. नवनाथच्या अंगावर तो चपखल बसला.

"बघ धम्मा," तो म्हणाला, "इथं छाती कुणी मोजली नाय."

दोघं हसले. पुढच्या आठवड्यात बंदुका हातात आल्या तेव्हा हसू गेलं. फोन काढून घेतले होते; रविवारी थोडा वेळ मिळायचे. धम्मपालने त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी महेश सरांना फोन लावला आणि नवनाथलाही ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"सर, आम्हाला सैन्यात घातलंय. बंदुका दिल्यात."

"अरे, ट्रेनिंग असतं ते. घाबरता काय?"

"सर, पुढच्या फळीवर नेणार म्हणतात. आम्हाला परत बोलवा. पासपोर्ट तुमच्या माणसाकडे आहेत."

पलीकडे कुणीतरी चहा आणून ठेवल्याचा आवाज आला. महेश सर म्हणाले, "मग जा की पुढं! नाव निघेल तुमचं. इथल्या भरतीत तर कुणी घेतलं नव्हतं ना त्या तुझ्या मित्राला?" आणि ते हसले. फोन ठेवला. त्यानंतर नंबर लागला नाही.

नवनाथने बंद झालेल्या फोनकडे पाहिलं. मग म्हणाला, "हे त्याचं हसणं रेकॉर्ड करायला पायजे होतं राव."

धम्मपालकडे एक छोटा कॅमेरा होता, काडेपेटीएवढा. वरातीत नवरदेवाच्या फेट्यावरून शूट करायला तो वापरायचा. झडतीत तो मोज्यात राहून गेला होता. त्या संध्याकाळी त्याने तो बाहेर काढला, नवनाथच्या अंगावरचा गणवेश वरपासून खालपर्यंत टिपला आणि हळू आवाजात म्हणाला, "महेश सर, हे बघा."

तिथून पुढची प्रत्येक क्लिप या चार शब्दांनी सुरू होते. महेश सर, हे बघा, आम्ही हे पाणी पितो. महेश सर, हे बघा, हा केरळचा मुलगा, याला तुमच्यासारख्याच एकाने स्वयंपाक्याची नोकरी सांगितली होती. महेश सर, हे बघा, खंदकात झोपायची जागा. कधी चित्र हललेलं आहे, कधी नुसता अंधार आणि स्फोटांचे दणके. कॅम्पात वाढल्यामुळे तोफेच्या आवाजाचं भय नाही असं धम्मपालला वाटायचं. "पण आपल्याकडे आवाज आपल्यापासून लांब जातो," तो सांगतो. "तिथं तो आपल्याकडे येत होता."

सापडला असता तर काय झालं असतं, असं मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "भीती होतीच. पण रोज एक क्लिप झाली की बरं वाटायचं. आज महेशला एक दगड मारला असं वाटायचं. त्याच्यावरच जगलो मी."

एप्रिलमध्ये बर्फ वितळून सगळीकडे चिखल झाला होता. एका सकाळी नवनाथ डबे घेऊन पाणी आणायला निघाला. धम्मपालने कॅमेरा छातीच्या पट्ट्याला अडकवला होता. ‘महेश सर’ एवढं त्याने म्हटलं, आणि भुणभुण ऐकू आली. लग्नात हा आवाज आला की लोक वर बघून हात हलवतात, बायका पदर सारखा करतात. इथे त्या आवाजासरशी माणसं जमिनीला चिकटायची. नवनाथही शिकला होता तसं. पण त्या सकाळी तो थांबला आणि त्याने मान वर केली, लॉन्सवर करायचा तशी. जुनी सवय. ड्रोनमधून सुटलेली वस्तू अगदी छोटी होती.

ती क्लिप बरीच मोठी आहे. तिच्यात धम्मपालचा आवाज कुठेही नाही, फक्त श्वास आहे.

जूनमध्ये धम्मपालच्या मांडीत तोफगोळ्याचे तुकडे घुसले, म्हणून तो वाचला. दवाखान्यातून वकिलातीपर्यंत निरोप गेला, आणि पावसाळा सरता सरता इतर काही मुलांबरोबर तो परत आला. मेमरी कार्डं त्याने पायाच्या बँडेजमध्ये घालून आणली. नवनाथची शवपेटी त्याच्या आधीच गावी पोचली होती. सील केलेली. उघडू नका म्हणून सांगितलं होतं. भिमाबाईंनी लाकडावरच हात फिरवला होता.

कुबडी घेऊन तो त्यांना भेटायला गेला. त्यांनी पाणी दिलं, मग समोर बसून विचारलं, "शेवटाला तोंड कसं व्हतं रे त्याचं? मला कुणी दाखवलं नाय."

"मी तिथं नव्हतो, मावशी," धम्मपाल म्हणाला.

आणि परतीच्या वाटेवर तो गंगापूर रोडला उतरला. ऑफिस उघडं होतं. पाटी नवी, नाव नवं, काचेचं दार तेच. आत महेश सर दोन पोरांना गोल फिरवून काहीतरी दाखवत होता. धम्मपाल रस्त्यापलीकडे कुबडीवर उभा राहिला. त्या दिवसाबद्दल तो एवढंच सांगतो, की आत जाऊन त्याच गोलाने त्याचं डोकं फोडावं असं वाटलं, पण तेवढ्याने तो सुटला असता.

त्याने पोलिसांत तक्रार दिली. पण एकट्याची तक्रार. महेश म्हणाला, हा स्वखुशीने गेला, माझ्याकडे तर पर्यटनाचा व्हिसा मागितला होता. ज्यांची मुलं तिकडे अडकली होती किंवा बेपत्ता होती, ती कुटुंबं तोंड उघडेनात. महेशने त्यांना घरोघर सांगून ठेवलं होतं, "तक्रार केलीत तर मुलगा परत यायचा नाही. माझ्याच हातात आहे ते." दिंडोरीकडे, इगतपुरीकडे, पेठच्या पाड्यांवर अशी घरं होती, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

मग धम्मपाल स्टुडिओत बसला. चैतालीने क्लिपा लावायला घेतल्या. लताबाई दर पौर्णिमेला विहारात जाणाऱ्या. त्यांनी दारात उभं राहून दोनचार क्लिपा पाहिल्या आणि म्हणाल्या, "बाळा, वैर पोटात ठेवू नको. तुझंच आतडं जळेल."

"जळू दे आई," तो म्हणाला. "आधी त्याचं जळू दे."

नवनाथच्या क्लिपेपाशी चैताली थांबली. "ही ठेवायची?"

"ठेवायची. हिच्याशिवाय त्याला लागणार नाही."

"लागणार कुणाला? त्याला की भिमाबाईंना?"

क्लिप राहिली. फिल्मला नाव दिलं ‘महेश सर, हे बघा’.

एलईडी वॉलचा टेम्पो होताच. जिथून जिथून महेशने पोरं नेली होती, तिथे तिथे तो गेला. दिवेलागणीला चौकात, शाळेच्या मैदानात पडद्यासारखी एलईडीची भिंत उभी करायची आणि फिल्म लावायची. मी ती कॅम्पात बाजारामागच्या मोकळ्या जागेत पाहिली. पहिल्यांदा पोरं टिवल्याबावल्या करत होती. गणवेशातला नवनाथ दिसला तेव्हा गप्प झाली. शेवटची क्लिप संपल्यावर कुणी उठेना. धम्मपाल पुढे आला, कुबडी टेकून म्हणाला, "ह्या महेशचं ऑफिस गंगापूर रोडला आहे. रोज सकाळी उघडतं. ज्यांचं कुणी गेलंय त्यांनी मला भेटा." तेवढंच.

पेठकडच्या एका पाड्यावर एक म्हातारा फिल्म संपल्यावर पुढे आला आणि भिंतीला हात लावून म्हणाला, "माझा भिकन यात आहे का? परत दावा." भिकन त्यात नव्हता. म्हाताऱ्याने दुसऱ्या दिवशी तक्रारीवर अंगठा दिला. त्याच्यामागून दिंडोरीचं एक घर आलं, मग इगतपुरीची दोन. हळूहळू एकाला दुसऱ्याचा पत्ता लागला.

आणि महेशच्या ऑफिसात पोरं यायची बंद झाली. जाता येता कुणीही काचेवर टकटक करून ओरडायचं, "महेश सर, हे बघा!" भाजीवाल्याने तोंड फिरवलं, सोसायटीत लोक जिन्यात बाजूला होऊ लागले. धम्मपाल रोज समोरच्या टपरीवर जाऊन बसायचा. रिकामं ऑफिस, आत एकटा महेश. "चहा एवढा गोड कधीच लागला नव्हता," असं त्याने मला सांगितलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघवलं नाही.

भिमाबाईंच्या गावी मात्र त्याने टेम्पो नेला नव्हता. तो पांढुर्लीला गेला, तिथून त्यांचं गाव फार लांब नाही. फिल्म संपली, गर्दी पांगली, आणि भिंतीसमोर एक बाई बसून राहिली. त्या भिमाबाई होत्या. कुणा नातेवाइकाने फोन केला होता, तुमचा नवनाथ पडद्यावर दिसतो म्हणून.

धम्मपाल वायर गुंडाळत होता, तसाच त्यांच्यापाशी गेला.

"तू तिथं नव्हता म्हनला," त्या म्हणाल्या.

"मावशी, तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"मला दाखवायला त्रास, आन् गावाला दाखवायला नाय?" त्या उठल्या. आवाज चढवला नव्हता. "त्यो एकदा मेला रे. तू त्याला गावोगाव मारतोस. आज पांढुर्लीत मारला. उद्या कुठं मारनार?"

धम्मपाल मांडीला हात लावून खालीच बसला. चैताली टेम्पोतून धावत आली, तिने भिमाबाईंचा हात धरला. तो म्हणाला, "काढतो ती. आजच काढतो."

"काढ," भिमाबाई म्हणाल्या. "पन मोडून टाकू नको. ती एकाच मान्साला दाखवायची हाय. माझ्यासमोर दाखवायची."

तो माणूस महिन्याभरात आपल्या पायांनी चालत आला. दुपारची वेळ होती. महेश सर स्टुडिओच्या दारात उभा, दाढी वाढलेली, हात जोडलेले. "धम्मपालभाऊ, मिटवा आता. माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. तिचा काय दोष?"

"तेव्हा मला काय वाटलं खरं सांगू?" धम्मपाल म्हणतो. "मला बरं वाटलं. मुलीचं वाईट नाही वाटलं. नंतर वाटलं, पण तेव्हा नाही."

तो महेशला म्हणाला, "उद्या सकाळी या. तुमची बाजू कॅमेऱ्यासमोर सांगा. मी फिल्ममध्ये घालीन."

महेशला ते पटलं. बोलण्यावर त्याचा भरवसा होता. दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. खुर्ची मांडली होती, दोन्ही बाजूंनी लाइट, समोर कॅमेरा. कॅमेऱ्याशेजारी नऊवारी नेसलेली एक बाई बसली होती. घरातलं कुणी असेल म्हणून महेशने तिच्याकडे पाहिलंही नाही. त्याने छान सुरुवात केली. मीही फसवला गेलो, वरच्या एजंटांनी माझा घात केला, ही पोरं मला माझ्या मुलांसारखी. बोलता बोलता डोळ्यांत पाणीही आणलं.

"झालं?" धम्मपालने विचारलं. मग लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि ती क्लिप लावली.

अर्ध्यावर महेशने मान वळवली.

"बघ," भिमाबाई म्हणाल्या. तेव्हा कुठे त्याचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. त्या उठून त्याच्या खुर्चीपाशी आल्या. "मान फिरवू नको. म्या बघितलं, तू पन बघ."

त्याने शेवटपर्यंत पाहिली.

"मुलांसारखी म्हनला ना?" भिमाबाईंनी विचारलं. "मग ह्याचं नाव सांग."

महेशने धम्मपालकडे पाहिलं. धम्मपालने कॅमेऱ्यातून डोळा काढला नाही.

"सांग ना. ह्यो माझा लेक. नाव काय ह्याचं?"

"ताई, बरीच मुलं असतात... मला एकदम..."

"गाव सांग."

त्याला गाव सांगता आलं नाही. ओठ हलले, एकदा तो ‘सागर’ असं भलतंच नाव म्हणाला, मग पाणी मागितलं. कुणी दिलं नाही. भिमाबाई तशाच उभ्या राहिल्या, आणि कॅमेरा त्याच्या तोंडावर चालूच राहिला. शेवटी तो उठला, शर्टाला लावलेला माइक काढायचा विसरला आणि वायरीसकट दारापर्यंत गेला.

नवनाथच्या मरणाच्या जागी आता फिल्ममध्ये हे आहे. नंतर जिथे जिथे ती दाखवली, तिथे लोक भिंतीकडे तोंड करून मोठ्याने ओरडायचे, "नवनाथ! नवनाथ सांगळे!" जणू महेशला ऐकू जाणार होतं. मोबाइलवरून ती सगळीकडे गेली. आणखी कुटुंबं पुढे आली, तक्रारी एकत्र झाल्या, आणि एका सकाळी महेशला त्याच्या नव्या पाटीच्या ऑफिसातूनच पोलिसांनी नेलं. टपरीवर धम्मपाल होता. त्याने तेही शूट केलं.

वैर संपलं का, असं मी त्याला अलीकडे विचारलं. तो पुन्हा लग्नं शूट करतो, पण ड्रोन विकून टाकलं. ग्राहकांनी मागितलं की दुसऱ्याचा नंबर देतो. तो म्हणाला, "संपेल कसं? मला ते संपवायचंच नाही. केस उभी आहे ना अजून. मी थंड झालो तर वकील पण थंड होतील." लताबाई आतून म्हणाल्या, "ह्याला काही सांगू नका तुम्ही. मी सांगून थकले."

मागच्या तारखेला मी त्यांच्याबरोबर कोर्टात गेलो होतो. भिमाबाई सिन्नरच्या एसटीने आल्या होत्या. फडक्यात भाकरी आणि ठेचा, तिघांना पुरेल एवढा. धम्मपालने बाकावर त्यांच्यासाठी जागा धरली होती. बराच वेळ काही झालं नाही. मग तुरुंगाची गाडी आली आणि पोलिसांच्या मधून महेश व्हरांड्यात आला. धम्मपालने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. भिमाबाई उठल्या, पदर नीट केला आणि व्हरांड्याच्या बरोबर मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. महेशला पुढे जायचं तर त्यांच्या तोंडाकडे बघितल्यावाचून जाता येत नव्हतं. पोलीस म्हणाला, "आजी, बाजूला व्हा."

"व्हते," त्या म्हणाल्या. "त्याला आधी नाव म्हनू दे."

महेशने खाली बघत नाव उच्चारलं. त्यांनी ते ऐकलं, आणि तरी त्या लगेच बाजूला झाल्या नाहीत.